आईने भरायचा फॉर्म

अल्माटी,
५ एप्रिल २०१९

प्रिय आपा,

तुमच्या दारात उभी राहून करते तसाच गुडघा वाकवून सलाम. गुडघ्यावरून आठवलं, तुमचा कसा आहे? सोबत मलम पाठवतेय. ते तुमच्यासाठी आहे, गायीसाठी नाही. मागची अख्खी ट्यूब तुम्ही लाल गायीच्या खुराला लावलीत हे आपल्या इंजूने फोनवर फोडलं. गाय बरी झाली हेही सांगितलं, म्हणून मी गप्प बसले.

आम्ही दोघं ठीक. सायात दिवसभर लोकांच्या घरांना खिडक्या बसवतो आणि आमच्या स्वयंपाकघरातली तडकलेली काच गेले आठ महिने चिकटपट्टीवर उभी आहे. तुमचा मुलगा आहे, मी काय बोलणार. माझं दवाखान्यात रोजचंच, याचा दात उपट, त्याचा भर.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि अर्धं काराबुलाक गाव चहाला बसल्यासारखं ऐकतं. मागे मी सायातच्या मूळव्याधीचं तुम्हाला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या शाळेतल्या तीन मित्रांनी औषधं सुचवली. चार दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता. म्हणून पत्र. उद्या शनिवारी झाकेन आगांच्या टॅक्सीतून निघेल, संध्याकाळी तुमच्या हातात पडेल.

तर बातमी अशी, की इकडे सध्या शाळांखेरीज दुसरा विषय नाही. दवाखान्यात आलेल्या बायका तोंडात कापूस असला तरी बोटांनी खुणा करून सांगतात, कुठल्या शाळेत किती जागा उरल्या. कापूस काढला की विचारूच नका. माझ्याबरोबर काम करणारी आसेम आहे ना, जिने तुम्हाला चष्म्याची दोरी पाठवली होती, तिने तर वहीच केलीय. कुठली शाळा कशी, तिथले शिक्षक टिकतात का, मुलं मधल्या सुट्टीत कुठल्या भाषेत भांडतात, फाटकावर आया एकमेकींकडे बघतात की एकमेकींच्या गाड्यांकडे. याला इथल्या बायका 'शाळेची संस्कृती' म्हणतात. मला आधी वाटलं नाचगाण्याबद्दल बोलतायत.

आम्हीही सहज म्हणून तीन शाळा बघून आलो. मोठ्यांचं नाव घ्यायचं नाही, मनाने दुसरं काहीतरी नाव द्यायचं, ही सुनेची सवय तुमच्या घरात लागली ती आता शाळांनाही लागू झालीय. एक गणितवाली. तिथून मुलं जगभर जातात म्हणे. आम्ही गेलो तेव्हा दुसरीतली एक मुलगी जिन्यात बसून पाढे म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांखाली माझ्यासारखी काळी वर्तुळं होती. दुसरी घोडेवाली. तिथे आपले संस्कार शिकवतात. आठवड्यातून दोनदा दोंब्र्याच्या तारा छेडायच्या, दोनदा घोडा, डोक्यावर शिरस्त्राण, बाजूला शिक्षक. घोडा बघून सायातला हसू आवरेना. म्हणाला, "हा घोडा माझ्यापेक्षा दमलेला दिसतोय." इंजू चार वर्षांची असल्यापासून बिनखोगिराची बसते हे तिथल्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी घाबरून पाण्याचा घोट घेतला.

तिसरी टायवाली. ती सगळ्यात वर, डोंगराच्या पायथ्याशी. चार रंगांचे टाय, निम्मे शिक्षक इंग्लंडचे, आणि शाळेतलं पोर पाहुणा दिसला की उठून हात मिळवतं. सगळ्या आया जिच्यासाठी जीव टाकतात ती हीच. आसेम म्हणते, "तिथली मुलं आजोळी गेली की दुभाषी लागतो." तिने स्वतःच्या मुलाचं नाव तिथेच घातलंय, हे ती नंतर म्हणाली.

सायातचं मत तुम्हाला माहीत आहे. "मी काराबुलाकच्या शाळेत शिकलो. घरून गोवऱ्या नेऊन वर्गातली शेगडी पेटवायचो. माझं काय बिघडलं?" मी म्हटलं, "तुझी सही अजून तीन वेगवेगळ्या माणसांची वाटते."

अजून काही ठरलेलं नाही, आपा. नुसतं बघतोय. इंजू सप्टेंबरात पहिलीत जाईलच, मग चौकशी केली तर कुठे बिघडतं, एवढंच.

एक लहानसं काम होतं. टायवाल्या शाळेचा फॉर्म चार पानी आहे, आणि तो आईनेच भरायचा असं वर ठळक छापलंय. त्यात पहिला दात कधी आला, चालायला कधी लागली, कशाला घाबरते, रागावली की काय करते, झोपताना काय लागतं, लागलं-खुपलं तर कोणाकडे धावते, असलं बरंच विचारलंय. यातलं बहुतेक मला माहीत आहेच, फक्त तारखा मागेपुढे होतात. तुम्ही सवडीने एका कागदावर लिहून झाकेन आगांकडे दिलंत तर बरं होईल. घाई नाही. पण पुढच्या शनिवारी मिळालं तर फार बरं.

इंजूला सांगा, मी, तिच्या तातेने, रंगीत खडू पाठवलेत, मेणाचे आहेत, खायचे नाहीत.

तुमची सून,
मार्झान


अल्माटी,
२६ एप्रिल २०१९

प्रिय आपा,

सलाम. इंजूला सायातने मंगळवारी परत तुमच्याकडे सुखरूप पोचवलं, आणि तुम्ही त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाहीत म्हणून रात्री तिथेच राहावं लागलं, असं तो सांगतो. मला वाटतं तो आपल्या जुन्या पलंगावर झोपायला निमित्तच शोधत होता. येताना त्याने कुर्तची पिशवी आणली. सुक्या दह्याच्या त्या निम्म्या गोळ्या त्याने वाटेतच चघळल्या, पण तुमच्या हाताचा खारटपणा उरलेल्यांत पुरेसा होता.

तुमचा कागद मिळाला होता, तेव्हा उत्तर लिहायला झालं नाही, रागावू नका. तीस वर्षं सरकारी गोठ्यात डॉक्टरांच्या हाताखाली नोंदी ठेवल्यात, ते अक्षरागणिक दिसतं. मी तो कागद पर्समध्ये ठेवलाय.

"दात: सातव्या महिन्यात, खालचा. मला चावली. चालली: अकराव्या महिन्यात, वासरामागे. घाबरते: कोंबड्याला. नाही म्हणेल, विश्वास ठेवू नये. राग: बोलत नाही. बादली उचलते, पाणी आणायला जाते. दोन बादल्यांत उतरतो. झोप: माझ्या कानाची पाळी धरून. लागलं-खुपलं तर: माझ्याकडे. मी नसले तर कुत्र्याकडे."

मी हे सगळं फॉर्ममध्ये उतरवलं. कुत्र्याचंही.

मुलाखतीची हकीकत सांगते, तुम्ही वाट बघत असाल. आधी मुलांना बूट बदलायच्या खोलीत बसवतात. आसेमने मला बजावलं होतं, "शाळा कशी आहे ते वर्गात नाही, बूट बदलायच्या खोलीत कळतं." खरं आहे. तिथे दोन दाया बसलेल्या. मुलं नुसते पाय पुढे करत होती आणि त्या नाड्या बांधत होत्या. आपली इंजू खाली बसली, स्वतःचे बूट बांधले, मग शेजारच्या मुलाचे सुटलेले दिसले म्हणून तेही बांधून दिले. आता तुम्हीच विचार करा, तिला एकच गाठ येते, सायातच्या बाबांनी शिकवलेली, शिंगराचे पाय बांधायची. त्या मुलाला आत बोलावलं, तर त्याचे दोन्ही बूट एकमेकांना बांधलेले. दायांनी प्रयत्न केला, त्याच्या आईने नखं मोडून घेतली, शेवटी पहारेकरी कात्री घेऊन आला. इंजू कात्री बघून म्हणाली, "थांबा, चांगली दोरी का कापताय?" आणि एक टोक ओढून अर्ध्या क्षणात सोडवून दाखवली. पहारेकरी तळगारचा, आपल्यासारखाच गावाकडचा निघाला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला, तिथेच, कात्री हातात धरून. त्या मुलाच्या आईचा चेहरा मी तुम्हाला भेटल्यावर करून दाखवीन.

मग आम्हा दोघींना एका खोलीत नेलं. तिथे मुख्याध्यापक आणि मुलांच्या मनाचा अभ्यास केलेल्या एक बाई. बाईंनी फॉर्म समोर ठेवून मला एकेक विचारलं आणि मी सांगत गेले. बादल्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "इथे आया प्रमाणपत्रांची फाईल घेऊन येतात. आपल्या लेकराकडे इतक्या बारकाईने बघणारी आई मी या वर्षी पाहिली नाही."

मी धन्यवाद म्हटलं.

इंजूही छान बोलली. विचारलं तेवढंच बोलली. चित्र काढलं, त्यात गाय माणसांपेक्षा मोठी होती, पण बाई म्हणाल्या चालतं. निघताना खिशातून कुर्तची गोळी काढून तिने मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, आपा. इंग्लंडचा माणूस, डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकली नाही. शाळेची संस्कृती म्हणतात ती बहुधा हीच.

येताना गाडीत इंजूने मला एक गोष्ट विचारली. ती भेटल्यावर सांगेन.

काल पत्र आलं. तिला जागा मिळाली. दवाखान्यात आसेमने मला मिठी मारली आणि मग वॉशरूममध्ये जाऊन रडली, कारण तिच्या मुलाचं नाव प्रतीक्षायादीत आहे. सायातने दोघा भावांना फोन केले. मीही बराच वेळ ते पत्र हातात घेऊन बसले होते.

पंचवीस मेपर्यंत होकार कळवायचा आहे. शाळा खरोखर चांगली आहे, आपा. ग्रंथालय आहे, तरणतलाव आहे, दुपारचं गरम जेवण आहे. सुट्ट्याही भरपूर, प्रत्येक सुट्टीत ती काराबुलाकला येईल, झाकेन आगांची गाडी आहेच. तुम्हालाही जरा विश्रांती. गुडघा असा, त्यात पोरीमागे धावायचं म्हणजे त्रासच.

तुमचं काय मत आहे ते कळवा.

तुमची सून,
मार्झान


अल्माटी,
२४ मे २०१९

प्रिय आपा,

सलाम.

तीन शनिवार वाट बघितली. प्रत्येक शनिवारी सैरान स्थानकावर जाऊन झाकेन आगांना विचारत होते, आणि ते काचेतूनच मान हलवत होते. गेल्या शनिवारी त्यांनी डिकी उघडली. मला वाटलं लोणी असेल. तुमच्या निळ्या शालीत बांधलेलं बोचकं होतं.

घरी येऊन जमिनीवर सोडलं. इंजूचे हिवाळ्याचे बूट. तिची लसीकरणाची पुस्तिका. दोन फ्रॉक, इस्त्री केलेले. कानटोपी. केसांच्या पांढऱ्या फिती, शाळेच्या पहिल्या दिवशी बांधतात त्या, नव्या. आणि बुटाच्या आत तुमची चिठ्ठी. "बूट पुढच्या हिवाळ्यात लहान होतील, पण तिला हेच आवडतात, म्हणून पाठवले. ऑगस्ट संपला की न्यायला ये. आधी नको. फॉर्मवर आईचं नाव तुझंच लिही. माझी हरकत नाही."

बाकी एक शब्द नाही. तुम्ही मला दोन शिव्या लिहिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

मी त्या बुटांजवळ बसून सायात येईपर्यंत रडले. तो आला, त्याने दिवा लावला, बूट बघितले आणि तोही खाली बसला. दोघांपैकी कोणीच जेवलं नाही.

आता भेटल्यावर सांगेन म्हटलं होतं ते सांगते, कारण भेटल्यावर माझ्याच्याने होणार नाही.

मुलाखतीच्या दिवशी फाटकाबाहेर गाडी लावली आणि मी इंजूला म्हटलं, "आपण एक खेळ खेळू. आज तासभर मला आई म्हणायचं. ताते नाही. आणि काराबुलाकला कोण असतं असं विचारलं तर आजी असते, असं सांगायचं." तिने विचारलं, "आजी कोण?" मी तुमचं नाव नाही घेतलं, कधीच घेत नाही. म्हटलं, "घरी आहे ना, गायीजवळ, ती." तिने जरा विचार केला आणि बरं म्हणाली. आत गेल्यावर तिने सगळं बरोबर केलं. मला चार वेळा आई म्हणाली, मी मोजलं. तुम्हाला एकदा आजी म्हणाली. तिचा आवाज कुठेही अडखळला नाही, कविता पाठ म्हणून दाखवावी तसं सगळं. बाहेर आलो, तिने पट्टा लावून घेतला आणि विचारलं, "झाला का तास? आता आई म्हणजे परत आईच ना?"

मी हो म्हटलं. आणि गाडी वीस मिनिटं सुरूच केली नाही.

तुम्हाला त्या खोलीत आजी केलं, आपा, ते मी केलं. आणि त्या बाईंनी मला कौतुकाने जे म्हटलं ते तुमचं होतं. मी नुसती वाचून दाखवत होते. पहिल्या पत्रात लिहिलं, बहुतेक मला माहीत आहे. त्यातलं एकही मला माहीत नव्हतं. मला दात कळतात आणि माझ्या लेकीचा पहिला दात कधी आला ते मला पत्र पाठवून विचारावं लागलं. तीन शाळांचं मला सगळं पाठ होतं, कुठे शिक्षक टिकत नाहीत, कुठे जेवणात मासा देतात, कुठल्या फाटकावर कोण कोणाशी बोलत नाही. पोर कोंबड्याला घाबरतं हे मात्र माहीत नव्हतं.

शाळेचं एवढं का लावून धरलं, तेही सांगते. फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, आता मूल होणार नाही. मागच्या वर्षीचं जे झालं त्यानंतर मीच ओळखून होते, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं असतं. सायातला माहीत आहे. तुम्हाला सांगू नको, असं मीच त्याला म्हटलं होतं. त्यानंतर आठवड्याभरात मी आसेमची वही मागून घेतली.

तुम्ही दोघांनी इंजूला घेतलंत तेव्हा ती चाळीस दिवसांची होती. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, त्यांनी ते काळजाशी धरायचं, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. माझी थोरली बहीणही अशीच आजीकडे वाढली. बाबांनी आपल्या कोटात गुंडाळून इंजूला घेतलं आणि मला म्हणाले, "पोरी, तू शिक. तुला अजून चार होतील." मी बावीस वर्षांची होते, परीक्षा तोंडावर होती. खरं सांगते, आपा, मला तेव्हा हलकं वाटलं होतं. दूध आटायला नऊ दिवस लागले, तेवढे नऊ दिवस सोडले तर मी मजेत होते. तुमच्यावर माझा राग नाही. बाबांवरही नाही. तुम्ही घेतलंत ते प्रेमाने घेतलंत आणि मी दिलं ते हसत दिलं.

पण नंतर सुट्टीला यायचे तेव्हा मोठ्यांसमोर सुनेने आपल्या लेकराला कुरवाळायचं नाही, म्हणून मी तिला चॉकलेट देऊन बाजूला बसायचे, पाहुण्यासारखी. ती "धन्यवाद, ताते" म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. बाबा गेले त्या हिवाळ्यात, सगळे रडत होते तेव्हा ती माझ्या मांडीवर येऊन झोपली. झोपेत तिचा हात माझ्या मानेवर काहीतरी शोधत होता. काय शोधतेय ते मला कळलं नाही. दोन वर्षांनी तुमच्या कागदावर कळलं. कान शोधत होती.

म्हणून आता सरळ लिहिते. शाळेसाठी नाही, टायसाठी नाही, तिच्या भविष्यासाठी वगैरे काही नाही. मला माझी लेक हवी आहे. सात वर्षं हे वाक्य मला बोलता आलं नाही, आणि मी ते शाळेचा फॉर्म करून तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही ते लगेच ओळखलंत आणि बूट बांधून पाठवलेत.

पण असं बोचक्यातून नको, आपा. तुमचं काढून मला नको.

आज सकाळी शाळेत जाऊन नाही म्हणून सांगून आले. कार्यालयातल्या मुलीने दोनदा विचारलं, "नक्की?" तिथून कोणी नाही म्हणून जात नाही म्हणे. मी म्हटलं, "प्रतीक्षायादीत एक मुलगा आहे, त्याच्या आईला आजच फोन करा, ती दवाखान्यात मला बरीच कामाला येते." दुपारी आसेम माझ्या खोलीत आली. आधी म्हणाली, "तुला वेड लागलंय." मग खुर्चीवर बसली, रोगी बसतो त्या, आणि म्हणाली, "मार्झान, मी तुझी जन्मभर ऋणी आहे, पण तुला वेड लागलंय." सकाळी शाळेतून बाहेर पडताना पहारेकऱ्यालाही भेटले होते. तो तळगारवाला. त्याने विचारलं, "गाठवाली येणार ना?" मी म्हटलं, "नाही, ती आपल्या आईजवळ आहे." हे खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

इंजू पहिली सप्टेंबरला काराबुलाकच्या शाळेतच जाईल. फिती मी ठेवून घेतल्यात, सोबत आणेन. बूट मात्र उद्या झाकेन आगांबरोबर परत येतायत. तिला शोधाशोध करावी लागू नये. पुढच्या हिवाळ्यात लहान झाले तर नवे घेऊ, आणि ते घ्यायला तिला कोण घेऊन जातं ते तेव्हा बघू.

मी एक जूनला येतेय. तीन महिन्यांची रजा घेतलीय, बिनपगारी. मुख्य डॉक्टर कुरकुरले, सायात कुरकुरला नाही. म्हणाला, "जा. मी काच बसवून घेतो तोवर." दहा महिने लागले त्याला हे सुचायला. मी पाहुणी म्हणून येत नाही, म्हणून बैठकीच्या खोलीत गाद्या घालू नका. गायीची धार मी काढीन, जमलं नाही तर शिकेन. तुमचा गुडघाही जरा बघू. आणि एक विनंती आहे, ती तुम्हाला सुनेचा आगाऊपणा वाटला तरी ऐका. बाबा नाहीत आता, तुम्ही एकट्याच आहात मोठ्या. तुमच्या समोर मी तिला जवळ घेतलं तर तोंड फिरवू नका.

शाळेतून निघताना मी कोरा फॉर्म मागून घेतला. चारही पानं. तो घेऊन येतेय. या वेळी तुम्ही एकही उत्तर सांगायचं नाही. चुकले तर हसा, कोंबड्यामागे धाडा, पण सांगू नका. ऑगस्ट संपेपर्यंत मला तो न विचारता भरता आला, तर आपण तिघी चहाला बसू आणि तिलाच विचारू, तिला कुठे राहायचंय. नाही भरता आला, तर माझ्याकडून पुन्हा हा विषय निघणार नाही.

एकच रकाना माझ्याने भरणार नाही, पहिल्या पानावरचा, 'मुलीशी नातं'. तुम्ही हरकत नाही लिहिलंत, पण तो तुमच्या हातातलाही नाही, आपा. तो इंजू भरेल, तिला हवा तेव्हा.

तोवर,
इंजूची ताते,
मार्झान